मालकांची माइंडची वही

"लिहाले तिले बसवा ना, वकीलसाहेब. इंग्रजी येते, अक्षर चांगलं हाये, अन् तोंड तं उघडतच नाई. असा कारकून पगार देऊनही भेटत नाई."

बैठकीत मालक हे बाबांना सांगत होते आणि मी दाराच्या अलीकडे चहाचा ट्रे धरून उभी होते. आत जावं की बोलणं पुरतं संपू द्यावं, हे मला ठरवता येईना. तोवर चहावर साय धरली. शेवटी गेले, ट्रे ठेवला. मालकांनी कपातली साय बोटाने बाजूला केली आणि विचारलं, "काऊन पोरी, बसशील ना सोमवारी?"

मी मान हलवली. माझी मान फार सहज हलायची.

मालक म्हणजे आमच्या भागातले जुने मालगुजार. मालगुजारी सरकारने काढून घेतली त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. गावं गेली, पण 'मालक' हे नाव काढून घेणारा कायदा काही निघाला नाही, आणि त्यांचं इंग्रजीही त्यांच्याकडेच राहिलं. पूर्वी जो दरारा गावांवर चालायचा तो सगळा मग इंग्रजीवर येऊन बसला. मुलींसाठी नवी शाळा निघाली होती, तिच्या समितीचे ते अध्यक्ष. बाबा सचिव. तिसरे एक कापसाचे व्यापारी सेठजी, जे समितीला खुर्च्या पुरवत आणि पुरवलेल्या खुर्चीत झोपत. शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. सोमवारी उमेदवार येणार होत्या आणि कोण काय उत्तर देते ते लिहून घ्यायला कोणी तरी हवं होतं.

मालकांच्या इंग्रजीचं मूळ एका वहीत होतं. काळ्या कापडी पुठ्ठ्याची, जाड, दोरी बांधलेली. गावात तिला 'माइंडची वही' म्हणत. मालकांचा एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी आमच्या बैठकीत कितीदा तरी मांडला होता.

"इंग्रजानं राज्य कशावर केलं, वकीलसाहेब? तोफेवर? नाई! माइंडवर. त्याची भाषा पाहा, जिथं तिथं माइंड. आपल्याकडं मन म्हटलं का माणूस डोळे मिटते. त्याच्याकडं माइंड म्हटलं का माणूस कामाले लागते."

बाबा "खरं आहे" म्हणत. बाबा कोर्टात भांडून येत, त्यामुळे घरी त्यांना सगळंच खरं वाटत असे.

हा सिद्धांत एकदा पटल्यावर मालकांनी वर्तमानपत्रातून, सरकारी पत्रांतून, कोणा जुन्या साहेबाच्या तोंडून माइंडचे जेवढे वाक्प्रचार मिळाले तेवढे वहीत उतरवले होते, आणि एकेका शब्दाचा कोशात अर्थ पाहून ते अर्थ एकापुढे एक मांडले होते. वाक्प्रचार इंग्रजांचे, अर्थ मालकांचे. 'टु मेक अप वन्स माइंड' यापुढे लिहिलं होतं, 'मनाची सजावट करणे. सणासुदीस मन सजवावे.' 'प्रेझेन्स ऑफ माइंड' म्हणजे कीर्तनास नुसत्या देहाने न जाता मनाने हजर राहणे. 'ॲब्सेंट माइंडेड' म्हणजे गैरहजर राहण्याची खोड असलेला, विशेषतः शिपाई. 'नेव्हर माइंड' हा उपदेश होता: कधीही मन लावू नये, पत्त्यांत व तमाशात. आणि 'टु बी इन टू माइंड्स' याला मालकांनी अर्धं पान दिलं होतं. 'दोन माणसांची बुद्धी एकाच ठायी असणे. थोर पुरुषांविषयी वापरावे.'

वही गावभर फिरे. कारकुनीच्या परीक्षेला बसणारी मुलं तिच्यावरून उतरवून घेत. पार्सल ऑफिसातले बाबू आपल्या मुलांना पत्ते खेळताना धरलं की "नेव्हर माइंड!" असं ओरडून कान पिळत. एका लग्नात नवऱ्या मुलाची ओळख "मुलगा टू माइंड्स आहे" अशी करून दिलेली मी स्वतः ऐकली. मुलगा बोहल्यावर ज्या चेहऱ्याने उभा होता तो पाहता वाक्य अगदीच चुकीचं नव्हतं.

मला हे सगळं कळत होतं. 'ती इन टू माइंड्स आहे' म्हणजे तिचं काही ठरत नाही, ती इकडे की तिकडे अशी अडकली आहे, हे मला नवव्या वर्षापासून माहीत होतं. मी नागपूरला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटात शिकले होते. तिथे सिस्टर 'स्पीक युवर माइंड' या विषयावर तासभर बोलत आणि आम्ही हात बांधून ऐकत असू. मधे कोणी बोललीच तर तिला बाकावर उभं करत. अशा दहा वर्षांत मी इंग्रजी शिकले आणि ते न बोलणंही शिकले. इंटर झाल्यावर घरी परत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग भिंतीवरच्या घड्याळासारखा होता. पाहुण्यांना दाखवायला ते होतं. वेळ मात्र सगळे मिलच्या भोंग्यावरच ओळखत.

पण गप्प राहणं म्हणजे काही न करणं, असं मला तेव्हा वाटे. ते खरं नव्हतं, आणि त्याचा पुरावा शाळेच्या मोठ्या खोलीत चौकट करून लावलेला होता.

आदल्या वर्षी शाळेच्या पायाभरणीला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. मालकांनी त्यांच्यासाठी इंग्रजीत मानपत्र लिहिलं आणि छापायला देण्याआधी माझ्याकडे आणून दिलं. "पोरी, कॉन्व्हेंटच्या नजरेनं एकदा पाहून दे. स्पेलिंग पाह्यजो फक्त." मी वाचलं. चौथ्या ओळीत साहेबांना उद्देशून लिहिलं होतं की, यू, सर, आर ऑलवेज इन टू माइंड्स. ज्या अधिकाऱ्याने जिल्ह्याचे निर्णय करायचे त्याला भर सभेत सांगायचं की महाराज, आपलं कधीच काही ठरत नाही.

मालक माझ्यासमोर चष्मा पुसत बसले होते. त्यांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. "बरोबर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. खोटं मी बोलले नव्हते. स्पेलिंग बरोबरच होतं.

मानपत्र मांडवात वाचलं गेलं. साहेबांनी ते हातात घेतलं, चौथ्या ओळीशी थांबले, मालकांकडे पाहिलं आणि बराच वेळ हसले. "पाह्यलं?" मालक बाबांना कुजबुजले. "थेट मनाले भिडलं." त्या दिवसापासून वहीतल्या त्या अर्ध्या पानाला सरकारी मान्यता मिळाली. आणि कोणी शंका काढलीच तर मालक म्हणत, "वकीलसाहेबाच्या पोरीनं तपासलं हाये ते." म्हणजे गावातल्या त्या चुकीवर माझी सही होती, शाईशिवाय.

सोमवारी मी त्याच मानपत्राखाली बसले.

जून लागला होता, पण ऊन मे महिन्याचंच होतं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, शिपाई अधूनमधून त्यांच्यावर पाणी मारायचा. मधे मालक, उजवीकडे बाबा, डावीकडे सेठजी, आणि टेबलाच्या टोकाला दौत-टाक घेऊन मी. तीन उमेदवार होत्या. मालकांनी आधीच जाहीर केलं, "सगळ्याईले एकच प्रश्न. न्याय म्हंजे न्याय."

पहिली आली ती मालकांच्या बहिणीची सून. शिपायाने तिला पाण्याचा पेला दिला. मालकांनी तिला परक्या बाईसारखं "बसा" म्हटलं, ती तेवढ्यासाठीच लाजली.

"सांगा. ही इज इन टू माइंड्स."

"तो दुप्पट बुद्धीचा आहे," तिने एका दमात सांगितलं. मग जरा थांबून, "जसे आपले मामासाहेब."

"उदाहरणाची गरज नव्हती," मालक म्हणाले, पण मला म्हणाले, "लिहून घे."

दुसरी आर्वीकडची होती. तीही पेलाभर पाणी प्यायली आणि तिनेही दुप्पट बुद्धी सांगितली. उदाहरणात देशाच्या मोठ्या पुढाऱ्यांची नावं घेतली. उदाहरणं सोडली तर दोघींची उत्तरं शब्दाला शब्द सारखी होती, कारण वही ज्या घरी जायची त्या घरी पोचली होती.

तिसरी नाचणगावची. नाचणगाव आमच्यापासून चालत जाण्याइतकं, पण ती ज्या वस्तीतून आली तिथे वही कधी गेली नव्हती. कोणी मुद्दाम अडवली असं नाही. ती तिथे जावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पांढरं सुती लुगडं, काठ निळे. चपला तिने दाराबाहेर काढल्या होत्या, त्याची काही गरज नव्हती. आधीच्या दोघी चपलांसकट आल्या होत्या. प्रमाणपत्रं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. वय माझ्याएवढंच. शिपाई ताटीवर पाणी मारत होता, तो मारतच राहिला. पेला आला नाही. त्याचं लक्ष नसेल, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. मालकांच्या वहीतला शिपाई अखेर खरा निघाला, एवढंच.

मालकांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला. "धर्म, बौद्ध. हे काय नवीन?"

"मागच्या वर्षीपासून," बाबा हळूच म्हणाले.

"अस्सं!" मालक खुर्चीत मागे रेलले. त्यांना एकदम वही आठवली असावी. "चेंज ऑफ माइंड!" आणि ते हसले. सेठजी झोपेतच हसले.

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बदललं नाही, साहेब. ठरवलं."

मी ते लिहून घेतलं. ते लिहायचं नव्हतं, तो प्रश्न नव्हता. तरी लिहिलं.

तिने आपलं शिक्षण सांगितलं. नागपूरला वसतिगृहात राहून इंटर. इंग्रजीत वर्गात दुसरी. सेठजी मधेच जागे झाले आणि त्यांना जो एक प्रश्न सुचत असे तो त्यांनी विचारला, "घर में कमाता कौन है?"

"वडील मिलमध्ये होते. छातीचं दुखणं झालं, आता घरीच आहेत. आई मजुरीला जाते. लहान बहिणीची सातवी झाली." तिने प्रमाणपत्रांवरचा कागद सरळ केला. "मी लागले तर ती आठवीत जाईल."

"न लागली तो?"

"तर आईसोबत जाईल."

सेठजींनी मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. बाबा खिडकीकडे पाहू लागले. ताटीतून पाणी टपकत होतं.

"बरं, बरं," मालक म्हणाले. "आता सांगा. ही इज इन टू माइंड्स."

"त्याचं ठरत नाही. तळ्यात-मळ्यात चाललंय त्याचं."

मालकांच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा सांगा."

"त्याच्या मनाची द्विधा अवस्था आहे, साहेब. म्हणजे माझे वडीलच दोन वर्षं इन टू माइंड्स होते. मॅट्रिक झाल्यावर मला मिलमध्ये लावायचं का नागपूरला पाठवायचं. रोज सकाळी पाठवायचं ठरवायचे, रोज संध्याकाळी नको म्हणायचे."

मी इतकी वर्षं तो वाक्प्रचार जाणत होते, पण तो कोणाच्या घरात राहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सिस्टरांनी उदाहरण दिलं होतं ते एका मुलीचं, जिला निळी टोपी घ्यावी की हिरवी हे कळत नव्हतं.

मालक मोठ्याने हसले. रागाने नव्हे, दयेने हसले, आणि तेच वाईट होतं. "अवो बाई, तुम्ही तं मानुसच उलटा केला. दोन मनं ज्याच्यापाशी, तो दुबळा? एका बैलाची गाडी चांगली का दोन बैलाची?"

"बैल दोन बाजूंना ओढत असले तर एकाचीच बरी, साहेब."

बाबांना खोकला आला. तो खोकला मी ओळखते. कोर्टात समोरच्या वकिलाने चांगला मुद्दा काढला की बाबांना तो येतो. पण बाबा बोलले काहीच नाहीत. मालक त्यांचे तीस वर्षांचे अशील होते.

मालकांनी तोंड पुसलं, मग बोट वर केलं. डोक्यावरच्या चौकटीकडे. "हे मानपत्र पाहा. चौथी ओळ वाचा. जिल्ह्याच्या साहेबानं हातात घेतलं, हसून घेतलं. तुमचं खरं असतं तं साहेबानं मले तुरुंगात नसतं टाकलं?"

तिने चौकटीकडे पाहिलं. ओळ वाचली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि तिने ते दाबलं. मग तिने मान खाली घातली. तिला सगळं कळलं होतं. चूक कोणाची हेही, आणि ती चूक दाखवली तर नोकरी जाईल, न दाखवली तरी जाईल, हेही. तिने प्रमाणपत्रं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

"लिही," मालक मला म्हणाले. "अर्थ चुकला. अपात्र."

मी टाक दौतीत बुडवला. 'अर्थ' लिहिलं. पुढचा शब्द लिहिताना शाईचा थेंब पडला आणि पसरला.

"अन् मी अन्याव करून राह्यलो असं वाटू नोको तुम्हाले," मालक तिला म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांना खरंच तिचं समाधान करायचं होतं. "ही आमच्या वकीलसाहेबाची पोरगी. नागपूरच्या कॉन्व्हेंटातली. खऱ्या मडमांनी शिकवली हाये तिले. हिच्या तोंडूनच ऐका. काऊन पोरी, वहीतलं बरोबर हाये ना?"

त्यांनी 'तोंडून' म्हटलं, पण पाहिलं माझ्या मानेकडे.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी काही पराक्रम सांगायला बसले आहे. समितीने त्या दिवशी निर्णय केला नाही. निर्णय पुढे ढकलावा असं ठरलं, आणि त्यात सेठजींचं मत घोरण्याच्या रूपाने मोठ्याने नोंदवलं गेलं. शाळा उघडली तेव्हा वर्गात इंग्रजी शिकवायला कोणीच नव्हतं म्हणून तिला तात्पुरतं नेमलं. पुढे बरीच वर्षं ती तात्पुरतीच होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली कायम नोकरीत लागल्या आणि ती तात्पुरतीच राहिली. बहीण आठवीत गेली. मानपत्र दिवाळीच्या रंगाला भिंतीवरून उतरवलं ते परत लावलं गेलं नाही. खिळा मात्र राहिला. मालक कापसाचा एक अख्खा हंगाम आमच्याकडे चहाला आले नाहीत. माझ्यासाठी येणारी दोन स्थळं मागे फिरली, 'मुलगी उलट उत्तर देते' म्हणून. बाबांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, आणि शाबासकीही दिली नाही.

पण त्या सोमवारी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की सगळे थांबले आहेत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात 'बोल' होतं की 'बोलू नको', हे मला आजही सांगता येणार नाही. ती दाराकडे निघाली होती. उंबऱ्याशी चपलेत पाय घालत होती. मी काय करते ते पाहायला थांबली नव्हती. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती, आणि ते मला लागलं. एका पायात चपल गेली. दुसरी पायाने शोधत होती.

माझी मान सवयीने खाली येऊ लागली. मी ती तिथेच धरली. इंग्रजीत बोलले असते तर मालकांनी त्याचाही अर्थ वहीत शोधला असता. कॉन्व्हेंटात जायच्या आधी मी आईशी ज्या बोलीत बोलायची, आणि जिच्यासाठी नागपूरला पहिल्याच दिवशी सगळ्या मुली मला हसल्या होत्या, तीच तोंडात आली.

"नाई, काका," मी म्हटलं. "तिचं बरोबर हाये. आपलं चुकलं."